धंदा, घर आणि नीती : नौपाड्यातल्या टेबलावर वारंवार येणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात मी दुकानदारांची, छोट्या कारखानदारांची आणि चार-दोन गृहसंस्थांची हिशेबाची कामं बघतो. रिटर्न भरायला आलेला माणूस उठता उठता एखादा प्रश्न टाकतो, जो रिटर्नच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तेच तेच प्रश्न इतक्या जणांनी विचारले की आता एका जागी लिहून ठेवतोय. कायदा आहे तिथे कायदा सांगितलाय. बाकी मत माझं. पटलं नाही तर वाद घालायला या, चहा इथेच मिळेल.

कायदा पाळला की झालं ना? वर आणखी नीती कशाला?

कायदा पाळलात तर अर्धं काम झालं, हे मान्य. आपल्याकडे तेवढंही होत नाही. पण आपण मे महिन्यात गावाला गेलो तर घरकामाच्या बाईंना पगार द्यायचा की नाही, शेवळांची रानभाजी विकणारीशी दहा रुपयांसाठी किती वेळ घालायचा, साडूला एखाद्या स्कीममध्ये ओढायचं की नाही, याचं कलम कुठल्या पुस्तकात शोधणार?

मी दोनच गोष्टी बघतो. या व्यवहारात मला माहीत आहे आणि समोरच्याला माहीत नाही, असं काय आहे? आणि मी जितका थांबू शकतो तितका तो थांबू शकतो का? माहिती सारखी, थांबायची ताकद सारखी, तर खुशाल घासून भाव करा. जांभळी नाक्यावरचे दोन घाऊक व्यापारी एकमेकांना काय भाव लावतात याची काळजी मी कधी केली नाही. एकाला माहीत नाही किंवा एकाला थांबता येत नाही, तिथे मात्र मी अशिलाला पेन खाली ठेवायला सांगतो.

सरळ वागून धंद्यात पोट भरतं का?

भरतं. सचोटीने वागलं की धंदा आपोआप वाढतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्यावर फार विसंबू नका. कधी कधी सचोटी सरळ महाग पडते. ती महाग पडणार हे धरूनच भाव ठरवायचा, जसा आपण गाळ्याचं भाडं धरतो.

नफा किती टक्के घेतला की 'जास्त' होतो?

टक्का ठरलेला नाही. राम मारुती रोडवर ८०० रुपयांत आणलेला ड्रेस कोणी २,००० ला विकला तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. दहा पावलांवर दुसरं दुकान आहे, गिऱ्हाइकाला ड्रेस आज घ्यायची सक्ती नाही, कापड त्याच्या हातात आहे. तेच अडीचपटीचं गणित रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेसाठी लावलं तर? टक्का तोच, पण समोरचा ना दुसरीकडे जाऊ शकतो, ना उद्यापर्यंत थांबू शकतो.

टंचाईत भाव वाढवले तर काय बिघडलं? मागणी-पुरवठा म्हणून काही असतं.

असतं, आणि ते मी नाकारत नाही. वाशीच्या बाजारात कांद्याची आवक घटली, तुम्हाला क्विंटलमागे जास्त मोजावे लागले, तर किरकोळीत भाव चढणारच. चढलेल्या भावाने माल लांबूनही येतो, लोकही जपून वापरतात. त्याला लूट म्हणणं चुकीचं.

पण प्रत्येक भाववाढ अशी नसते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारला तीन पदरी मास्क १० रुपये आणि २०० मिलि सॅनिटायझर १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवून द्यावी लागली. गोदामात आधीच पडलेला, जुन्या भावाने घेतलेला माल लोक कितीतरी पटीने विकत होते. त्या जादा पैशाने नवा मास्क एकही तयार झाला नव्हता.

आमच्याकडे दर उन्हाळ्याला हा प्रश्न टँकरच्या रूपाने येतो. घोडबंदर रोडच्या कितीतरी गृहसंस्थांचं एप्रिल-मे मध्ये टँकरशिवाय चालत नाही. भरायच्या जागी रांग वाढली, ड्रायव्हरच्या खेपा चाराच्या दोन झाल्या, डिझेल जास्त जळलं, तर टँकरवाल्याने दर वाढवावा. पाइपलाइन फुटल्याची बातमी सकाळी दहाला आली आणि साडेदहाला त्याच विहिरीच्या त्याच पाण्याचा दर दुप्पट झाला, तर त्याचा खर्च कुठे वाढला? कमिटीवाल्यांनाही एक सांगणं आहे: दर जानेवारीतच लेखी ठरवून घ्या. मे महिन्यात तहानलेल्या माणसाने भाव करायचा नसतो.

पार्टीला पैसे ९० दिवसांनी देतो. सगळेच देतात. यात चूक काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत जास्त राग याच प्रश्नाचा येतो, म्हणून जरा लांबण लागेल.

वागळे इस्टेटमधला एक गाळा डोळ्यांसमोर आणा. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, तीन-चार माणसं, आणि मालक स्वतः मशीनवर. कंपनीकडून ड्रॉइंग येतं, माल येतो, हा जॉब करून चलनासकट पाठवतो. महिन्याचं बिल समजा तीन लाख. माणसांचा पगार सात तारखेला द्यावाच लागतो, वीजबिल थकलं तर मीटर जातो, टूलवाला रोखीशिवाय इन्सर्ट (मशीनची कापणारी पाती) देत नाही. कंपनीचा पैसा येतो ९० दिवसांनी. मधले ९० दिवस हा बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर काढतो. १२ टक्के दराने तीन लाखांवर ९० दिवसांचं व्याज होतं सुमारे ८,९०० रुपये.

आता कंपनीचे हिशेब उघडा. त्यात हे ८,९०० रुपये व्याजाच्या खात्यावर दिसणार नाहीत, कारण ते कंपनीने भरलेच नाहीत. भरले त्या लेथवाल्याने, स्वतःच्या मजुरीतून. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला चार कामगारांचा गाळा बिनव्याजी कर्ज देतोय आणि वर दर आठवड्याला फोन करून 'साहेब, बघा ना जरा' म्हणतोय. तिकडून उत्तर ठरलेलं: चेक तयार आहे, सही राहिलीय.

कायदा याबाबतीत चांगला कडक आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. उशीर केलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३ ब मध्ये 'एच' हा उपखंड घातला. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच वजावट मिळते. त्या मार्चमध्ये माझ्या टेबलावर जेवढे चेक लिहिले गेले तेवढे आधी कधी पाहिले नव्हते.

मग प्रश्न सुटला का? तिप्पट दराचं व्याज मागणारा जॉबवर्कर मला अजून भेटायचाय. मागितलं की पुढचं ड्रॉइंग शेजारच्या गाळ्यात जातं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. काही कंपन्या तर 'बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा) टाकू नकोस' असं प्रेमाने सुचवतात. असं सुचवणाऱ्याला कायदा पाठ असतो आणि ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नसते. इथे कलमं पुरी पडत नाहीत.

पण मलाच वरून पैसे येत नाहीत. मी कुठून देऊ?

हे खरं असतं, निदान निम्म्या वेळा. तेव्हा तीन गोष्टी करा. फोन उचला, खरी तारीख सांगा, आणि असेल तेवढे तरी द्या. पेमेंटची यादी लावताना आवाज मोठा असलेल्यापासून लावू नका. ज्याच्याकडे सर्वांत कमी भांडवल आहे त्याच्यापासून लावा. स्टीलचा मोठा डीलर आणखी पंधरा दिवस ओरडेल, पण जगेल. आणि गाडी बदलायची असेल तर या यादीतली शेवटची रक्कम गेल्यावर बदला.

गिऱ्हाईक म्हणतं, बिल नको, जीएसटी वाचवा. मी नाही म्हटलं तर शेजारी जातं.

पन्नास हजारांच्या टाइल्स, १८ टक्क्यांनी कर ९,०००. गिऱ्हाइकाला वाटतं आपण नऊ हजार वाचवले. घरी तिसऱ्या खोक्यातला शेड वेगळा निघाला की ते परत येतं आणि त्याच्याकडे दाखवायला पानभर चिठ्ठी असते, त्यावर दुकानाचं नावही नाही.

दुकानदाराच्या बाजूने काय होतं ते कमी जणांना कळतं. माल तुम्ही पक्क्या बिलाने घेतलात, विकलात कच्च्यावर. आता गोदामात माल नाही, पण कागदावर साठा आहे. तो साठा कधीतरी कागदावरून काढावा लागतो. मग ज्याला नुसतं बिल हवंय, माल नकोय, असा कोणीतरी गाठून त्याच्या नावे बिल फाडलं जातं. तो त्या बिलावर न भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, उचलतो. बाथरूमच्या टाइल्सपासून निघालेली गोष्ट अशी खोट्या बिलांच्या बाजारात पोचते, आणि एक दिवस नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

व्यवहारी उपाय एकच सुचतो: भाव पहिल्यापासून कर धरूनच सांगा. '५९,०००, बिलासकट.' '५०,००० अधिक जीएसटी' म्हणालात की 'अधिक' काढायची चर्चा तुम्हीच सुरू केलीत. आणि गिऱ्हाइकांसाठी: कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला, म्हणजे ज्याची उलाढाल दीड कोटीच्या आत आहे आणि ज्याने उलाढालीवर ठोक दराने कर भरायची ती सवलत घेतलीय त्याला, तुमच्याकडून वेगळा कर घ्यायचा अधिकार नाही. बिलावर 'कंपोझिशन' लिहिलंय आणि खाली जीएसटीही लावलाय, तर तो पैसा सरकारकडे जात नाही.

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय. दिलाच पाहिजे का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तो आपोआप लावू नये असं सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम केली. काढायला सांगा. पण वाढणारा पोऱ्या चांगला असेल तर टीप त्याच्या हातात ठेवा. चार्ज काढल्याचा आनंद फुकटात घेऊ नका.

कर्नाटकचा आंबा 'देवगड' म्हणून विकला तर खाणाऱ्याला कळतंय कुठे?

कळत नाही, म्हणून तर अडचण आहे. कळलं असतं तर प्रश्न भावाचा राहिला असता.

वाशीच्या फळबाजारात मार्च-एप्रिलमध्ये उभं राहा. कोकणातून पेट्या उतरतात, कर्नाटकातूनही गाड्या येतात. कर्नाटकातला आंबाही हापूसच्याच जातीचा, खायला वाईट मुळीच नाही, आणि स्वस्त. तो 'कर्नाटक हापूस' म्हणून मागवणारी, रसाला तोच वापरणारी मंडळी आहेत. बिघडतं ते नंतर. गाळ्याच्या मागे पेटी बदलते, वर देवगडचा शिक्का बसतो आणि डझनाचा भाव उडी मारतो. झाडाने काही केलेलं नाही, शेतकऱ्याने काही केलेलं नाही. वाढलेला सगळा भाव त्या शिक्क्याचा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या आंब्यालाच. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. म्हणजे नुकसान फक्त खाणाऱ्याचं नाही. ज्या बागायतदाराने थंडी लांबली, मोहोर गळला, तुडतुडे पडले तरी फवारण्या करून शंभर पेट्या काढल्या, त्याच्या नावावर दुसरेच हजार पेट्या खपवतात आणि मग 'यंदा देवगडला चव नाही' ही बदनामीही त्याच्याच पदरी.

एका किरकोळ विक्रेत्याला मी दोन पाट्या लावायला सांगितलं: 'देवगड' आणि 'कर्नाटक', दोन भाव. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक बावरलं. मग कर्नाटकची पाटी जास्त खपायला लागली, कारण लोकांना आमरसाला काय घ्यायचं आणि पाहुण्यांना काय कापायचं ते कळलं. सगळीकडे असंच होईल याची हमी नाही.

मिठाई डब्यासकट जोखली तर एवढं काय?

काजूकतली हजार रुपये किलो, डबा पन्नास ग्रॅमचा, तर पुठ्ठ्याचे पन्नास रुपये झाले. वजन निव्वळ मालाचंच द्यायचं, हा वैधमापनाचा नियम आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होते, तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसायला हवं. डबा काट्यावर ठेवून शून्य करायला एक सेकंद लागतो. दिवाळीच्या गर्दीत तेवढाही नसतो, असं एकजण म्हणाला. पैसे मोजायला मात्र असतो.

भाजीवालीशी घासाघीस करणं अनैतिक आहे का?

मुळीच नाही. घासाघीस हा दोघांचाही करमणुकीचा भाग असतो आणि बाजारातली मुरलेली कोळीण तुम्हालाच गुंडाळून वाट्यासकट घरी पाठवेल. तिच्याविषयी दया दाखवायची गरज नाही.

पण पावसाच्या तोंडावर स्टेशनजवळ शहापूर-कसाऱ्याकडून आलेल्या आदिवासी बायका बसतात. समोर ओल्या फडक्यावर शेवळाच्या जुड्या, बाजूला ती खाजू नयेत म्हणून घालायची काकडाची फळं, पुढे महिनाभराने कर्टोली, टाकळा, कुरडू. पहाटे रानातून आणलेलं, रात्री परत नेऊन उपयोग नाही, आणि कसाऱ्याची लोकल दर दहा मिनिटांनी नाही. संध्याकाळी सातला तिच्यासमोर उभं राहून 'तीन जुड्या पन्नासला देतेस का, नाहीतर चालले' म्हणणारीला मॉलमध्ये कधी असं म्हणताना पाहिलंय? तिथे छापील किमतीवर हूं की चूं नाही. जिथे ती सकाळी अकरा वाजता नाही म्हणू शकते, तिथे सकाळी अकरा वाजता भाव करा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलंय, घरकामाच्या बायकांचे रेट कोणी वाढवायचे नाहीत. ठीक आहे ना?

याच ग्रुपवर रिक्षावाले संगनमत करतात, टँकरवाले संगनमत करतात, अशा तक्रारी मी वाचल्यात. तुमच्या दोनशे फ्लॅटनी मिळून भाव बांधणं हे काय आहे मग? आणि उद्या त्या बायकांनी गेटबाहेर जमून 'भांडी-लादीला इतकेच' असं ठरवलं तर त्याला 'युनियनबाजी' म्हणणारा पहिला मेसेज कोणाचा असेल, तेही मला माहीत आहे.

एकटीने पगार वाढवला की 'रेट बिघडवता' म्हणून बोलणी बसतात, हे खरं. बिघडू द्या. चार घरी काम करणाऱ्या बाईला एक घर सुटलं तर महिन्याचा चौथा हिस्सा जातो. तुम्हाला बाई सुटली तर आठ दिवस भांडी घासावी लागतात. थांबायची ताकद कोणाकडे आहे ते एवढ्यावरून कळावं.

पाठोपाठचे प्रश्नही उरकतो. आपण गावाला गेलो तर पगार कापायचा? नाही, सुट्टी तुम्ही घेतलीत. तिच्या आजारपणाचे दिवस? महिन्याला दोन-तीन सुट्ट्या पगारी धरा आणि हे पहिल्याच दिवशी बोला, म्हणजे दरवेळी तिला कारण रचावं लागणार नाही. दिवाळीला एक महिन्याचा पगार, साडी वेगळी. साडी म्हणजे बोनस नव्हे. राज्यात २००८ च्या कायद्याखालचं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, तिथे नोंदणी करायला कागद लागतात; तिला ते भरून द्या. बँकेचा फॉर्म भरणाऱ्याला हे काही अवघड नाही. लिफ्ट वेगळी ठेवणाऱ्या सोसायट्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, भाषा सुटते.

सोसायटीच्या रंगकामात सेक्रेटरीने ठेकेदाराकडून दोन टक्के घेतले. वेळही देतो बिचारा, मग?

वेळेचं मानधन हवं तर सर्वसाधारण सभेत मागा, ठराव करा, इतिवृत्तात लिहा. जे लिहिता येत नाही ते घेऊ नका. ठेकेदार हे दोन टक्के पदरचे देत नाही; रंगाचा एक हात कमी होतो. डॉक्टरला लॅबकडून मिळणाऱ्या कटलाही हेच उत्तर. खरेदी अधिकाऱ्याला दिवाळीत मिठाईचा डबा चालेल. डब्यात मिठाई असावी.

फ्लॅट भाड्याने देताना 'अमुकच लोकांना देणार' म्हणण्याचा मला हक्क नाही का?

तुम्ही अविवाहित मुलीला, मांस-मच्छी खाणाऱ्याला, अमुक आडनावाच्या माणसाला नाही म्हणता, तेव्हा त्याच्या पगाराची, वागणुकीची चौकशीच केलेली नसते. चौकशी करा, पोलीस पडताळणी करा, आधीच्या घरमालकाला फोन करा. एवढं करून नको वाटला तर तो तुमचा निर्णय. आडनाव ऐकून फोन ठेवायचा ही चौकशी नव्हे.

अनामत रकमेचं थोडं सांगतो, कारण भांडण तिथेच होतं. तीन वर्षं राहिलेल्या कुटुंबाच्या अनामतीतून पूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापू नका. भिंती राहिल्याने मळतात, तेवढ्यासाठीच भाडं घेतलं होतं. नवं घर घेताना त्याला पुढची अनामत भरायची असते, तुमच्याकडची सुटेपर्यंत तो अडकलेला असतो. आणि करार नोंदवाच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदवलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं.

चुलतभावाला पतपेढीत जामीन राहायला नाही म्हणालो. चूक केली का?

नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतपेढी आधी तुमच्याच पगारावर येऊ शकते. जामिनाच्या कागदावर सही मागणारा हे सहसा सांगत नाही. द्यायचीच मदत तर परत येणार नाही असं धरून, झेपेल तेवढी रोख द्या. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे आपल्याकडे जुनं आहे. नातं टिकवायचं असेल तर ते पोतं भरायलाच घेऊ नका.

चांगला परतावा देणारी स्कीम आहे, मला स्वतःला मिळतोय. नातेवाइकांना सांगू?

सांगताना पहिलं वाक्य हे म्हणा: 'तू पैसे घातलेस तर मला इतकं कमिशन मिळेल.' हे म्हणायला जीभ अडखळली तर उत्तर मिळालं. शिवाय नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात लोकांना ओढणाराही अडकतो, फक्त चालवणारा नव्हे. तुम्हाला सुरुवातीला मिळालेले हप्ते हा योजना खरी असल्याचा पुरावा नाही. बुडणाऱ्या योजनाही पहिले हप्ते वेळेवरच देतात, तेच दाखवून पुढची माणसं गोळा होतात.

ऐरोलीच्या कंपनीचं ऑफर लेटर घेतलंय, पण महापेला जास्त मिळतायत. जॉइन न होता गप्प बसलो तर?

जा महापेला. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड लावणाऱ्या कंपन्यांनीच ही बाजाराची सवय लावलीय, आणि ऐरोलीची कंपनी तुमच्यावाचून उपाशी मरणार नाही. पण गप्प बसू नका. ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी दोन ओळींचा मेल टाका. प्रतीक्षा यादीत दुसऱ्या नंबरवर एक मुलगा घरी बसून त्या जागेची वाट बघत असतो.

वर्षातून एकदा मोठा भंडारा घालतो, गणपतीला भरपूर वर्गणी देतो. ते धरलं जात नाही का?

धरलं जाईल. आधी मला पीएफचं चलन दाखवा. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ती थकवून मंडपावर 'सौजन्य' म्हणून नाव झळकवणारे मी पाहिलेत. ते सौजन्य कामगारांचं होतं.

मी एकट्याने सरळ वागून काय होणार? बाजारच असा आहे.

बाजार बदलणार नाही, हे धरून चाला. सगळं एका दिवसात सरळ करायला गेलात तर मोडून पडाल आणि पुन्हा जुन्या वाटेला लागाल, असे दोघे-तिघे मला माहीत आहेत. क्रम लावा. सर्वांत आधी पगार, पीएफ आणि छोट्या जॉबवर्करचे पैसे. ही माणसं थांबू शकत नाहीत. मग गिऱ्हाइकाला सांगायच्या गोष्टी: वजन, मालाची जात, जुना माल असेल तर जुना. मग कराचं. स्पर्धकाशी सभ्यपणे वागणं शेवटी ठेवलंत तरी चालेल, तो स्वतःचं बघून घेतो.

गिऱ्हाइकाने यूपीआयवर ४५० ऐवजी ४,५०० पाठवले आणि निघून गेला. काय करू?

ठेवायचे नाहीत, पण घाईही करायची नाही. आधी बँकेचं स्टेटमेंट उघडून रक्कम खरंच आलीय का ते बघा. नुसत्या एसएमएसवर जाऊ नका, खोटे एसएमएस पाठवून 'चुकून आले, परत करा' म्हणणाऱ्यांचा वेगळाच धंदा आहे. रक्कम आली असेल तर ज्या यूपीआय आयडीवरून आली त्याच आयडीवर ४,०५० परत पाठवा. दुसरा नंबर दिला तर पाठवू नका, रोख तर मुळीच देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा, वहीत दोन्ही नोंदी करा. नाहीतर मार्चमध्ये मी विचारीन हे ४,०५० कुठे गेले, आणि तुम्हाला आठवणार नाही.